घाणेरी, टणटणी आणि रानमोडी

प्रश्न असा आहे की, टेकडीवरच्या निसर्गवाटेला कोणी 'घाणेरी' दाखवतं, कोणी तिलाच 'टणटणी' म्हणतं, तर कोणी 'रानमोडी'. ही एकाच झुडपाची नावं आहेत का? आणि फलकावर 'विदेशी झुडपे' असं लिहिलं तर ते योग्य होईल का?

पहिली दोन नावं एकाच झुडपाची. घाणेरी म्हणजेच टणटणी, शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. हिंदीत तिला रायमुनिया म्हणतात. चौकोनी खोड, त्यावर बारीक वाकडे काटे, खरखरीत पान आणि एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी फुलं. पान चुरगळलं की उग्र दर्प येतो, 'घाणेरी' हे नाव त्यावरूनच. संस्कृत 'घ्राण' म्हणजे नुसता वास घेणं किंवा नाक. मराठीत येईतो त्याची 'घाण' झाली.

रानमोडी मात्र निराळी, क्रोमोलिना ओडोराटा. तिला काटे नसतात. पान मऊ, त्रिकोणी, त्यावर तीन ठळक शिरा. हिवाळ्यात फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. 'रानमोडी' हे नाव मला फार नेमकं वाटतं. यातलं 'मोडणं' फांदी मोडण्यासारखं नाही, संसार मोडण्यासारखं आहे. उभी झाडं तशीच राहतात, पण त्यांच्याखाली नवी रोपं वर येत नाहीत.

नावांची गल्लत होऊ देऊ नये, कारण श्रमदानाला आलेला माणूस नाव ऐकूनच कोयता चालवतो. घाणेरी जमिनीलगत छाटली तर बुडातून पुन्हा फुटते. मुळाचा माथाच काढावा लागतो. तिची काळी फळं बुलबुल खातात आणि बी लांबवर टाकतात. रानमोडीचं बी वाऱ्यावर उडतं, म्हणून ती फुलण्याआधीच उपटायला हवी.

आता 'विदेशी'. घाणेरी अमेरिका खंडातली; एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी इथे आणली गेली, हे खरं. पण मिरची, पेरू, सीताफळ, देवळापुढचा पांढरा चाफा हेही तिकडचेच, आणि ते कोणी उपटा म्हणत नाही. दोष परदेशातून येण्यात नाही, इथल्या झाडांची जागा बळकावण्यात आहे. म्हणून 'आक्रमक परकी झुडपे' लिहावं, आणि त्यातला 'आक्रमक' गाळू नये.

उलट बाजूला 'देशी' हा शब्दही ढोबळ पडतो. देवदार देशीच आहे, पण सह्याद्रीतला नव्हे. कारवी, धायटी, मुरूडशेंग, दिंडा यांच्यासाठी मी 'स्थानिक' म्हणेन. फलकावर 'घाणेरी (टणटणी)' अशी दोन्ही नावं द्यावीत, म्हणजे कोणत्याही गावचा माणूस ओळखेल. रानमोडीला स्वतंत्र फलक हवा, आणि तिच्या पानाचं चित्र तीन शिरा स्पष्ट दिसतील एवढं मोठं असावं.