दोन मागितले, आठ आले

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षं जर्मनीत आहे. मागच्या महिन्यात कामानिमित्त शांघायला गेला, तिथे एका गाडीवर अंगठा आणि शेजारचं बोट दाखवून दोन बाओ, म्हणजे सारण भरून वाफवलेले चिनी पाव, मागितले तर बाईने आठ बांधून दिले, पैसेही आठाचे घेतले! घरी आम्ही हसून हसून बेजार. पण मला खरंच वाटायचं की बोटांची भाषा तरी जगभर एक असेल. नसते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : नसते ना! आणि बाईची यात काडीची चूक नाही, तिला आठच दिसले. चीनमध्ये एक ते दहा एकाच हातावर दाखवतात, सहाला अंगठा आणि करंगळी ताणायची, आठाला अंगठा आणि तर्जनी. जर्मन माणूस मोजायला सुरुवात करतो अंगठ्यापासून, म्हणजे त्याचे दोन ते हुबेहूब चिनी आठ. चिरंजीव मिरजेहून थेट गेले असते तर तर्जनी आणि मधलं बोट दाखवून गपगुमान दोन घेऊन आले असते, चार वर्षांत हात जर्मन झालाय त्यांचा. आणि आपण काय कमी आहोत, पेरांवर मोजतो, एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा, वर अंगठा फिरवत राहायचा, नवख्या माणसाला वाटेल याच्या हाताला खाज सुटलीय.

मग म्हणाल बाजारात खुणांवर लाखोंचे व्यवहार होतात ते कसे. तर आधी ठरलेलं असतं म्हणून. आपल्याकडे बैलबाजारात रुमालाखाली हात घालून भाव करतात ते पाहिलं असेल, वाशीच्या मार्केटात हापूसच्या सौद्यालाही हीच रीत, 'हत्ता' म्हणतात. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, आता ते शंभरातले की हजारातले हे विचारायला लागत नाही कारण बैल समोर उभा असतो, त्याचे दात बघून झालेले असतात आणि बाजार काय चाललाय ते दोघांनाही ठाऊक. (शेतकऱ्याला मात्र आपला माल कितीला गेला ते कळत नाही, ही तक्रार जुनी आहे आणि खरी आहे, पण तो वेगळा विषय.) सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी कालिकतला आला होता, तिथले दलाल कापडाखाली बोटं धरून किंमत ठरवतात असं त्यानं लिहून ठेवलंय. आखातातल्या मोत्यांच्या बाजारातही हेच चालायचं. म्हणजे बोलणं बोटं करत नाहीत हो, अर्धंअधिक बोलणं समोरचा माल करतो.

प्रश्न : जूनमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी नॉर्वेला, ट्रॉम्सोला जाणार आहे. जावई तिकडचे. विहीणबाईंना नॉर्वेजियन आणि इंग्रजी येतं, मला मराठी आणि मोडकंतोडकं हिंदी. मुलगी म्हणते मोबाईलवर अ‍ॅप आहे. पण तीन महिने दोन बायकांनी मोबाईलकडे बघत बोलायचं का? काय करू?
– एक होणारी आजी, चिपळूण

उत्तर : आजी, तुम्ही नेमक्या गावाला चाललायत! त्याच किनाऱ्यावर दीडशेएक वर्षं रशियन आणि नॉर्वेजियन लोकांनी एकमेकांची भाषा न शिकता धंदा केलाय. उन्हाळ्यात रशियन लोक गलबतातून पीठ घेऊन यायचे आणि मासे घेऊन जायचे, साधा अदलाबदलीचा मामला. त्यातून एक कामचलाऊ बोली तयार झाली, शब्द सगळे मिळून 400च्या आसपास, थोडे ह्यांचे थोडे त्यांचे, व्याकरण जवळपास गुंडाळून ठेवलेलं. 'पो' हा एकच शब्द कडे, वर, मध्ये, साठी, सगळ्याला चालायचा. बोलीचं नावच 'मोया पो त्वोया', म्हणजे साधारण 'मी तुझ्यातलं बोलतो'. आणि 'काक स्प्रेक? मोया न्येत फोर्श्तो' म्हणजे काय म्हणतोस, मला नाही कळलं. हे वाक्य मला फार आवडतं, कारण यात अर्धं रशियन अर्धं नॉर्वेजियन आणि शरम अजिबात नाही. कुणी कुणाचा साहेब नव्हता ना, पीठ यांना हवं आणि मासे त्यांना, म्हणून दोघंही सारखेच वाकले. 1917च्या रशियन क्रांतीनंतर तो व्यापार बसला आणि बोलीही गेली.

तुमच्याकडे पीठ-मासे नाहीत पण स्वयंपाकघर आहे आणि बाळ आहे. डिंकाचे लाडू त्यांच्यासमोर वळा, त्यांच्या हातात सारण द्या. मुलीकडून वीस-पंचवीस शब्द घ्या, गरम, गार, झोपलं, भूक, पुरे, एवढंच. जेवण झाल्यावर 'ताक फोर मातेन' म्हणा, जेवणाबद्दल आभार असा अर्थ, तिथे म्हणतातच. आपलं 'ताक' नव्हे ते, आभार.

दोन गोष्टींची तयारी मात्र ठेवा. तिकडे, उत्तरेत तर जास्तच, 'हो' म्हणताना माणसं श्वास आत ओढून 'या' म्हणतात, विहीणबाईंनी असं केलं की तुम्हाला वाटेल यांना दचकायला काय झालं, तर ते नुसतं हो आहे. आणि तुमची मान डोलावणं त्यांना कळणार नाही, आपली ती हो-नाही-बघू अशी तिन्हीमधली डोलते ना, ती तिकडे चालत नाही, तेव्हा सरळ वर-खाली करा. अ‍ॅपवर 'येते हं' टाकू नका, त्या बिचाऱ्या दारात वाट बघत बसतील.

अ‍ॅप ठेवा पण ते भांडणाच्या जागेसाठी, आणि ती जागा मी आत्ताच सांगते. तिकडे लहान बाळांना बाबागाडीत घालून दुपारी बाहेर झोपवतात, थंडीतसुद्धा, आणि ते काळजीनेच करतात. तुम्ही कान बांधून शेक द्यायला निघालेल्या आणि विहीणबाई गाडी ढकलत अंगणात, हे खुणांनी नाही सुटायचं. मुलगी-जावयाला समोर बसवून जायच्या आधीच व्हिडिओ कॉलवर ठरवून घ्या. टोपडी मात्र चार जास्तीची न्या.