पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराचा टाउन हॉल १९४५ नंतर परत बांधलाय म्हणे, मग तिकीट काढून आत जाण्यात काही अर्थ आहे का?

जा, नक्की जा. मी एरवी इथे लिहीत नाही, पण "परत बांधलाय मग काय बघायचं" हे वाचलं आणि राहवेना, माझा दादा अगदी हेच बोलला होता.

मी तिकडे नोकरीला असताना दादा-वहिनी आलेले. मी हौसेने सांगतोय की १९४५ च्या मार्चमध्ये हे जळालं, मनोऱ्याचं टोक खाली आलं, मग पोलिश लोकांनी वर्षानुवर्षं खपून उभं केलं आणि १९७० ला म्युझियम उघडलं. दादा म्हणाला, म्हणजे डुप्लिकेटच की, आणि समोर नेपच्यूनच्या कारंज्यापाशी जाऊन बसला तो बसलाच. वहिनी आणि मी आत गेलो.

रेड हॉलमध्ये शिरलात की आधी वर बघा. ते छत डुप्लिकेट नाहीये! लढाई शहरात पोचायच्या आधीच चित्रं न् लाकडी नक्षीकाम उतरवून बाहेर लपवलेलं म्हणून वाचलं. मधलं मोठं चित्र इझाक वान डेन ब्लोकेचं, १६०८ चं. नदीतून धान्य येतंय, खाली व्यापारी उभे, आणि वर ढगातून आलेल्या देवाच्या हाताने ह्याच टाउन हॉलच्या मनोऱ्याचं टोक धरलंय. वहिनी बराच वेळ गप्प होत्या, मग हळूच म्हणाल्या, आपला कडीपाट पण असाच उतरवून ठेवायला हवा होता.

गावचा वाडा पाडला तेव्हा मी घसा फोडून सांगत होतो की सागवानी खांब आणि माजघराचा कडीपाट नंबर टाकून उतरवा, एका खोलीत रचून ठेवा, पैसे आले की बघू. दादाचं एकच, परत उभा केला तरी तो खोटाच वाडा. सगळं जुन्या लाकूडवाल्याच्या टेम्पोत गेलं, आजोबा ज्याला टेकून बसायचे तो खांबसुद्धा.

दीड-दोन तास ठेवा, १९४५ च्या पडक्या शहराचे फोटो आहेत ते घाईत बघू नका. मनोऱ्यावर फक्त सीझनमध्ये सोडतात, गुडघे दुखत असतील तर वर जाऊच नका. आणि आतलं पुष्कळसं काम नवीन आहे हे मला मान्य आहे, पण दादा, ते छत तू बघितलंच नाहीस.

तुमच्याकडे कुणी जुनं घर पाडायला काढलं असेल तर आधी खडू घेऊन लाकडांवर नंबर टाका, भांडण नंतर करा.