मुंगळा हा मुंगीचा नवरा नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘पावसानंतर अंगणात एक मोठी काळी, बिनपंखांची मुंगी सापडली. ही राणी, की मुंगळा म्हणजे नर?’

‘मुंगळा म्हणजे नर’ हे ऐकून ऐकून कान किटले. ‘लिंग बदला’च्या याद्यांनी हे खूळ मुलांच्या डोक्यात भरलं आहे. गुळाच्या ढेपेला लागलेले झाडून सगळे मुंगळे कामकरी माद्या असतात. नराला पंख असतात, त्याचं डोकं इवलंसं असतं आणि राणीशी संग झाला की तो लवकरच मरतो. गुळापर्यंत तो येतोच कुठे?

मराठी लिंगातून आकार सांगते, ही या शब्दातली खरी गंमत. सुरी-सुरा, डबी-डबा, गोळी-गोळा, नळी-नळा. सुरा हा सुरीचा नवरा असतो का? चिमुकली ती मुंगी, दांडगा तो मुंगळा. ‘ळ’ आला तो आंधळा-पांगळा यांतलाच: अंध, पंगु यांना मागून चिकटलेला. हा प्रत्यय ‘स्वार्थिक’, म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थात काही भर घालत नाही, असं व्याकरणवाले म्हणतात. मला ते साफ अमान्य आहे. ‘मुंगा’ म्हणून बघा, हाताला काही लागत नाही. ‘मुंगळा’ म्हणताच चावरेपणा येतो. हे वजन ‘ळ’चंच आहे, आणि ‘नरवाचक प्रत्यय’ म्हणणाऱ्यांना तर आंधळा-पांगळाचं स्पष्टीकरण देताच येणार नाही.

बरं, तुमची मुंगी. नुसत्या आकारावर जाऊ नका, मुंगळ्यांतही मोठ्या डोक्याच्या कामकरी असतात. त्यांचं डोकं जाड, पण छाती अरुंद. राणीची छाती फुगीर, कारण उडण्याचे स्नायू तिथेच. पंख तिने स्वतःच झाडलेले असतात, त्यांचे व्रण छातीच्या दोन्ही बाजूंना भिंगातून दिसतात. कपाळावर तीन बारीक नेत्रक, म्हणजे ठिपक्यांसारखे साधे डोळे, असतात. मुंगळ्यांच्या कामकरींत ते नसतात. पोटही भरदार. हे सगळं जुळलं तर राणीच. तिला डबीत खायला घालायची घाई करू नका, पहिली पिल्लं ती बहुधा त्या निकामी स्नायूंच्या आणि चरबीच्या साठ्यावरच वाढवते.

आणि तिला ‘मुंगळ्याची राणी’ म्हणा, खुशाल. नराला ‘मुंगळ्याचा नर’. पालीच्या नराला आपण ‘नर पाल’च म्हणतो, पाला नाही.