भाऊ तीन-तीन रात्री झोपत नाही, गादीखाली काचेची नळी सापडली. हे आईस, म्हणजे मेथ नावाची नशा, असेल का, आणि उचलून व्यसनमुक्ती सेंटरला टाकावं का?

दादा, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि झोपच लागली नाही. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, सलग तीन-तीन रात्री जागा, सहा महिन्यांत पँट कमरेवर थांबेना, गादीखाली काळी पडलेली काचेची नळी आणि फॉईल, आणि आता कालपासून उठवलं तरी उठत नाही असा झोपलाय, असं लिहिलंय तुम्ही खानापूरहून. मी बेळगावची, वडगावातली. माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालेलं. मी डॉक्टर नाही, पण जे बघितलं आणि डॉक्टरांकडनं जे शिकले ते सांगते.

आमच्याकडे नळी मिळायच्या आधी आठ महिने सगळं डोळ्यांसमोर होतं आणि आम्हाला कळलं नाही. पप्पांचे माग होते, घरात पाने-स्क्रूड्रायव्हर कायम पडलेले, त्यामुळे भाऊ रात्री काहीतरी खोलून बसला तर कुणाला वेगळं वाटायचं नाही. एकदा पहाटे तीनला पाणी प्यायला उठले तर हा स्वयंपाकघरात फरशीवर बसलेला, पुढ्यात जुना पेपर, त्यावर मिक्सर पूर्ण सुटा केलेला आणि स्क्रू लहानापासून मोठ्यापर्यंत एका ओळीत लावलेले, लावून झाले की हातानं विस्कटायचे आणि परत लावायचे. दातावर दात घासल्याचा आवाज मला दारातनं ऐकू येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळे नुसते काळे दिसत होते. काय करतोयस रे म्हटलं तर म्हणाला, "आवाज येतोय गं त्यातनं, दुरुस्त करतोय की." ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं, दोन दिवसांचं.

मग खिडकीला चादर लावणं सुरू झालं, गल्लीत बाईक थांबली की ती माझ्यासाठीच थांबलीय म्हणायचा, हाताला किडे चालतात म्हणून खाजवून खाजवून जखमा केल्या. आईला वाटलं बाहेरचं काहीतरी लागलंय, गाऱ्हाणं घातलं, अंगारा लावला. मी आईला दोष देत नाही, दारूचा वास येतो, गांजाचा वास येतो, याचा घरात काहीच वास येत नव्हता आणि पोरगा तर उलट सुरुवातीला चटपटीत, कामाला दुप्पट, बोलायला गोड.

ओळखायची खूण एकच सांगा म्हणालात तर मी म्हणेन झोपेचा हिशोब ठेवा. आम्ही दुधाच्या कॅलेंडरवरच ठेवला. ज्या रात्री जागा त्या तारखेला फुली, ज्या दिवशी पडून राहिला त्याला गोल. महिन्याभरात दिसलं, तीन-चार फुल्या मग दोन गोल, परत फुल्या मग गोल. धारवाडला डॉक्टरांनी आमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं पण खरं म्हणजे ते पान हातात घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी समजावलं ते असं, की मेथ मेंदूतलं डोपामिन, म्हणजे आनंद वाटवणारं रसायन, एकदम पुराच्या पाण्यासारखं सोडतं आणि ते परत आत जाऊ देत नाही, आणि निम्मं मेथ अंगातनं उतरायलाच दहा-बारा तास लागतात, म्हणून माणूस दिवसच्या दिवस जागा राहतो, भूक मरते, आणि मग साठा संपला की कोसळतो. तुमचा भाऊ आता झोपलाय ते हेच असावं. आम्हाला ती झोप बघून दरवेळी वाटायचं की सुटलं, शांत झाला पोरगा. सुटलेलं नसतं हो.

एक गोष्ट मधेच सांगते, आपल्याकडे पोरं सगळ्यालाच एमडी म्हणतात पण एमडी म्हणजे मेफेड्रोन आणि आईस किंवा क्रिस्टल म्हणजे मेथ, दोन्ही वेगळी. लघवीच्या तपासणीत मेथ साधारण दोन-चार दिवसच सापडतं, आणि घरी करायच्या किटवर सर्दीच्या काही गोळ्यांनीसुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून किट पुढ्यात आपटून भांडू नका, तपासणी डॉक्टरांकडंच होऊ दे.

आता सेंटरचं. आमची सगळ्यात मोठी चूक इथंच झाली. कुणीतरी नंबर दिला, फोन केला, रात्री गाडी आली, चार माणसं उतरली आणि त्याला झोपेतनं उचलून नेलं. आम्ही बघत उभे होतो. तीन महिने भेटू दिलं नाही, फोनवर पाच मिनिटं आणि शेजारी माणूस उभा. तिथं डॉक्टर नव्हता, मारत होते, हे तो नंतर बोलला. घरी आला तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता, आणि आठव्या दिवशी परत घेतलं. त्याला दोष द्यायचा का आम्हाला, मी अजून विचार करते.

कायद्यानं असं नेता येतच नाही हे तेव्हा माहीत नव्हतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात नशेमुळं होणारे मानसिक त्रासही धरलेत, त्यामुळं तसं दाखल करायला तोच कायदा. माणूस स्वतः तयार असेल तर स्वतःच्या सहीनं दाखल होतो. तयार नसेल आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर, मनोविकारतज्ज्ञांनी तपासून, आणि तेही आधी ३० दिवसांपुरतंच. म्हणून कुठंही टाकायच्या आधी विचारा, राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतो, रात्री छातीत दुखलं तर कुठल्या हॉस्पिटलला नेता, घरच्यांना भेटू देता का, राहायची जागा आत येऊन बघू का. जागा दाखवायला कां-कूं केली की तिथनं निघा. आणि भाषा विचारा. ही गोष्ट कुणी सांगत नाही पण आपल्या भागात मोठी आहे. माझा भाऊ कन्नड बाजारापुरतं बोलतो, ग्रुपमधे बसून मनातलं बोलायचं तर त्याला मराठीच पाहिजे होती, पहिल्या ठिकाणी तो नुसता भिंतीकडं बघत बसायचा म्हणे.

आम्ही दुसऱ्या वेळी आधी धारवाडच्या डिमहान्सला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्याच्या हॉस्पिटलला गेलो. तुम्हाला खानापूरहून लोंढा, अळणावर करत रेल्वेनंच जाता येईल. भास आणि संशय कमी व्हायला त्याला गोळ्या दिल्या, ते कमी झाल्यावरच राहून उपचार घ्यायचं ठरलं, आणि ते महाराष्ट्रात मराठी बोलणाऱ्या सेंटरला. मराठीतनं उपचार पाहिजेत तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं. फोन करून आधी विचारा. जायच्या आधी बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन टेलिमानस १४४१६, आणि व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाईन १४४४६.

एक मनाची तयारी ठेवा. दारू किंवा ब्राऊन शुगर सोडवायला गोळ्या आहेत, मेथची तलफ मारणारं तसं मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. उपचार म्हणजे बोलणं, सवयी बदलणं आणि वेळ. स्वच्छ रिपोर्टला छोटं बक्षीस द्यायची एक पद्धत आहे, तिचा पुरावा चांगला आहे म्हणे, आम्ही घरी आल्यावर दर रिपोर्टला मोबाईलचा रिचार्ज मारून द्यायचो, पोरगा २७ वर्षांचा घोडा पण रिपोर्ट घेऊन पळत यायचा. आणि घरी आल्यावरचे पहिले काही महिने तो नुसता बसून राहील, हसणार नाही, चव लागत नाही म्हणेल. आम्हाला वाटलं आळशी झाला, आईनं टोमणे मारले. तो आळस नव्हता, मेंदू भरून यायला वर्षभरसुद्धा लागतं. आज दोन वर्षं झाली, उद्यमबागेत लेथवर काम करतो. मधे एकदा घसरला होता, तेही सांगून ठेवते.

पोलिसांची भीती तुम्ही लिहिलीय. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात ६४ए कलम आहे, स्वतः घेणाऱ्यावर किंवा थोडा माल सापडलेल्यावर केस झाली आणि तो आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन पुरे करत असेल तर खटल्यापासनं सूट मिळते. मेथचं थोडं प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. विकणाऱ्याला ही सूट नाही. नळी मात्र त्याच्या हातात परत देऊ नका.

आणि आजचं. झोपलाय तर मधे मधे जाऊन श्वास बघा, हलवल्यावर जरा तरी हुंकार देतो का बघा. काहीच प्रतिसाद नसेल, श्वास अडखळत असेल, अंग तापलं असेल, छातीत दुखतंय म्हणाला किंवा झटका आला तर सेंटर वगैरे काही नाही, थेट कॅज्युअल्टी. उठल्यावर आठ-दहा दिवससुद्धा मन फार खाली जातं, जीव द्यायचे विचार येतात, त्या दिवसांत एकटं सोडू नका, शेतातलं औषध घरात असेल तर आजच काढून टाका. उठला की भूक लागलेली असणार, आधी पोटभर जेवू घाला, पिठलं-भात काही पण, नळीचा विषय जेवताना काढू नका. जेवून झालं की दोघंच बसा आणि एवढंच म्हणा की तू झोपत नाहीस ते मी बघतोय, उद्या डॉक्टरांकडं जाऊया, मी बरोबर येतो. माझा भाऊ दुसऱ्या वेळी असाच तयार झाला, "मारणार नाहीत ना गं तिथं" एवढंच विचारलं त्यानं. जाताना दोघांची आधार कार्डं घ्या, आधीची काही औषधं असतील तर तीही, आणि आज रात्रीपासनं कॅलेंडरवर फुल्या-गोल सुरू करा. धारवाडला जायचं ठरलं की इथंच लिहा, मी बघत राहीन.