डायव्हर्सिटी जुरिस्डिक्शन: 'विविधता' नको, 'भिन्नता' हवी

अमेरिकेतल्या बार परीक्षेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेसाठी, दिवाणी प्रक्रियेची टिपणं मराठीत काढणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे की 'डायव्हर्सिटी जुरिस्डिक्शन'ला 'विविधता अधिकारक्षेत्र' म्हटलं तर चालेल का. दाव्यातले समोरासमोरचे पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असल्यामुळे तो राज्याच्या न्यायालयाऐवजी संघीय, म्हणजे केंद्राच्या, न्यायालयात चालवता येणं, असा त्या संज्ञेचा अर्थ.

माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत. 'अधिकारक्षेत्र' म्हटलं की हद्द डोळ्यांपुढे येते. इथे मुद्दा हद्दीचा नाही, तो दावा चालवण्याचा अधिकारच संघीय न्यायालयाला आहे का, याचा आहे. त्यासाठी आपल्या कायद्याच्या मराठीत 'अधिकारिता' हा शब्द रुळलेला आहेच.

'विविधता' मात्र थेट चुकीच्या उत्तराकडे नेते. विविधता म्हणजे सगळेच वेगवेगळे. कायद्याला तेवढं नको असतं. तीन वादी टेक्सासचे आणि दोन प्रतिवादी ओहायोचे असतील, तरी अट पुरी होते. भिन्नता हवी ती समोरासमोरच्या पक्षांत. एकाच बाजूचे लोक एका राज्याचे असले तर बिघडत नाही. पण समोरच्या बाजूला टेक्सासचा एक जरी निघाला, तरी संपलं. १८०६ च्या स्ट्रॉब्रिज विरुद्ध कर्टिस खटल्यात हेच झालं. कर्टिस व्हरमाँटचा होता, पण बाकीचे प्रतिवादी मॅसॅच्युसेट्सचे, आणि वादींपैकीही काही तिथलेच. सरन्यायाधीश मार्शल यांच्या न्यायालयाने अधिकारिता नाकारली. म्हणून मी 'भिन्नराज्यीय अधिकारिता' सुचवेन, आणि या नियमाला 'संपूर्ण भिन्नता'. परक्या राज्यातल्या माणसाला स्थानिक न्यायालयात दुजाभाव सोसावा लागेल, या भीतीतून ही सोय १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यातच आली. हे कारण लक्षात राहिलं की 'भिन्न' शब्द आपोआप पटतो.

आता 'नागरिक'. इथे 'राज्याचा नागरिक' म्हणजे अमेरिकेचा नागरिक असून त्या राज्यात अधिवास असलेला माणूस. 'अधिवास' म्हटलं की आपल्याला तहसील कार्यालयातला दाखला आणि वर्षानुवर्षांच्या वास्तव्याचे पुरावे आठवतात. तिथे ते गणित नाही. प्रत्यक्ष राहणं आणि तिथेच राहण्याचा इरादा, दोन्ही जुळले की पहिल्याच दिवशी अधिवास बदलतो. नुसतं शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा बदलत नाही.

आपल्या लोकांना जवळचं उदाहरण द्यायचं तर न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या गावाचं. एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीयाने न्यू जर्सीच्याच नागरिकावर दावा लावला, तर परदेशी विरुद्ध राज्याचा नागरिक म्हणून तो संघीय न्यायालयात चालू शकतो. त्याच माणसाला ग्रीन कार्ड, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालं आणि अधिवास न्यू जर्सीत असला, तर चालत नाही. तो अजून भारताचाच नागरिक आहे, तरीही. परीक्षेत हा फरक सहज निसटतो.

कंपनीला दोन ठिकाणचं नागरिकत्व असू शकतं: जिथे नोंदणी झाली ते राज्य आणि जिथून कारभाराची सूत्रं हलतात ते मुख्यालयाचं राज्य. एलएलसीला (मर्यादित दायित्वाच्या कंपनीला) मात्र तिच्या प्रत्येक सदस्याचं नागरिकत्व लागू होतं.

राहिली दाव्याच्या रकमेची अट. टिपणात '७५,००० डॉलर किंवा अधिक' असं लिहू नका, '७५,००० पेक्षा जास्त' लिहा. नेमके ७५,००० मागितले तर दावा बसत नाही, आणि व्याज व खर्च त्यात धरत नाहीत. एका वादीचे एकाच प्रतिवादीवरचे ४०,००० आणि ३६,००० चे दोन दावे असतील, तर ते एकमेकांशी संबंधित नसले तरी बेरीज करता येते.