रोज साडेसातची तोंडी परीक्षा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी कला शाखेत आहे. दहावीला ८८ टक्के होते. सायन्स सहज मिळत असताना मानसशास्त्रासाठी हट्टाने आर्ट्स घेतलं. सहामाहीत त्याच विषयात ८० पैकी ४१. संज्ञा आणि व्याख्या पाठच होत नाहीत. मी वेंगुर्ल्याला पतसंस्थेत नोकरीला आहे. साडेसातला घरी आलो की ओटीवर तिला घेऊन बसतो आणि वीस व्याख्या विचारतो. चुकलं की मोबाइल दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याकडे. तिच्याच पुस्तकात नकारात्मक प्रबलन दिलं आहे, मी तेच करतो. तरी काल येत होतं ते आज येत नाही. स्कूटरचा आवाज आला की आईला सांगते, 'बाबा इले, माझ्या पोटात दुखता.' डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. रविवारी मात्र दुखत नाही, म्हणजे बहाणाच. मानसोपचारतज्ज्ञ होणार असेल तर शिकवीन, नाहीतर बारावीनंतर डी.एड. परीक्षा कुठली द्यायची आणि पाठांतर कसं सुधारायचं, ते कळवावं.
– एक पालक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : नमस्कार. परीक्षा कुठली आणि पाठांतर कसं, हे तुमचे दोन प्रश्न. दोन्हींकडे येते, पण मी अडले आहे ती तुमच्या रविवारपाशी. रविवारी पतसंस्था बंद. म्हणजे स्कूटर नाही, साडेसात नाही आणि माझा अंदाज, वीस व्याख्याही नाहीत. अहो, पोट कधी दुखतं आणि कधी नाही याचा इतका चोख पुरावा तुम्हीच गोळा केलात आणि निकाल मात्र उलटा दिलात.

मुलीला तुम्ही पावलॉव्ह विचारला असेलच. हा माणूस मुळात मानसशास्त्रज्ञ नव्हता, शरीरक्रियातज्ज्ञ होता. १९०४ सालचं नोबेल त्याला पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं. कुत्र्याच्या तोंडात अन्न गेलं की लाळ किती सुटते हे मोजता मोजता त्याच्या ध्यानात आलं की अन्न यायच्या आधीच, खायला घालणारा माणूस दिसला तरी लाळ सुटते आहे. कुत्र्याने ते ठरवून केलं नव्हतं आणि त्याला ते थांबवताही आलं नसतं. आता तुमच्या घरी या. स्कूटर पाणंदीत वळते. त्या आवाजात वाईट असं काही नाही. पण रोज त्याच्यामागून ओटीवरची बैठक, तुमचा चढलेला आवाज आणि मोबाइलची जप्ती असा क्रम लागला, की पुढे आवाज एकटाच पुरतो. घाबरलं की शरीर पचनाचं काम बाजूला ठेवतं. पोटात येणारा गोळा खरा असतो. पुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात आणि तुमची मुलगी या धड्याचं उदाहरण रोज जगते आहे. व्याख्या तेवढी चुकते.

पत्रावरून मी निदान करत नाही. पोटदुखी थांबत नसेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा, आणि या वेळी त्यांना रविवारचंही सांगा. गोळी लिहून देणाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नसणार.

'काल येत होतं ते आज येत नाही,' याचंही कोडं वाटायला नको. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून जे दाखवलं, ते आता कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडतं: थोडा ताण असला की काम बरं होतं, पण काम अवघड असेल तर जास्त ताणाने ते बिघडतं. स्मृतीत साठवलेलं असणं आणि हवं त्या क्षणी ते बाहेर काढता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासमोर बसून आठवताना तिचं निम्मं लक्ष तुमच्या चेहऱ्यावर असतं. तेवढंच लक्ष उत्तरासाठी उरतं.

आता ते नकारात्मक प्रबलन. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी दोनदा वाचलं, कारण मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त मुलं इथेच घसरतात आणि त्यांचे पालकही. प्रबलन कुठलंही असो, त्याने वर्तन वाढतं. शिक्षेने ते कमी होतं. पावसात छत्री उघडली की भिजणं थांबतं, म्हणून पुढच्या सरीला हात आपसूक छत्रीकडे जातो. नको असलेली गोष्ट टळली आणि त्यामुळे छत्री उघडणं पक्कं झालं, हे नकारात्मक प्रबलन. चुकल्यावर मोबाइल काढून घेणं ही सरळसरळ शिक्षा, हवी असलेली गोष्ट हिरावण्याच्या प्रकारातली. परीक्षेत कुणी असं उदाहरण दिलं तर गुण जातील. पण गंमत अशी की तुमच्या ओटीवर नकारात्मक प्रबलन खरोखरच चालू आहे, फक्त तुम्हाला वाटतं तिथे नाही. मुलगी 'झालं बाबा, पाठ झालं' म्हणते आणि तुम्ही पुस्तक मिटता. छळ थांबला, त्यामुळे उद्या ती हेच आणखी लवकर म्हणणार. देवापुढच्या गाऱ्हाण्यातल्या 'व्हय म्हाराजा'इतकंच ते आपोआप तोंडून येणार. दुसरीकडे तुम्ही आवाज चढवता, ती दचकून काहीतरी उत्तर देते, तुमची चिडचिड तेवढ्यापुरती शमते. म्हणजे ओरडण्याचं प्रबलन झालं, आणि ते तुमचं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर कळ दाबून विजेचा झटका बंद करायला शिकतो. तुमच्या घरातल्या पेटीत कळ कोण दाबतंय, हे एकदा शांतपणे बघा.

खरं सांगायचं तर प्रश्न विचारणं ही तुमची पद्धत मुळात चुकीची नाही. नुसतं परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघितल्याने जास्त टिकतं, हे प्रयोगांनी चांगलं सिद्ध केलेलं आहे. तुम्ही त्या चांगल्या पद्धतीला दंड जोडलात, तिथे घात झाला. आणि दुसरं म्हणजे वीस व्याख्या एका बैठकीत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने अर्थहीन अक्षरांचे तुकडे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. सुरुवातीला विसरणं झपाट्याने होतं, मग त्याचा वेग मंदावतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका दमातल्या घोकंपट्टीपेक्षा कामी येते, हे त्याने दाखवलं. त्याला अर्थहीन अक्षरं मुद्दाम हवी होती, कारण आधीच्या ओळखीचा आधार मिळू द्यायचा नव्हता. तुम्ही तर अर्थ असलेल्या व्याख्यांची तशीच अक्षरं करून टाकली आहेत.

त्यांचा अर्थ परत मिळवायचा तर तुमच्या मुलीला लांब जायला नको. तिला हे वाचून दाखवा, किंवा वाचायला देऊन तुम्ही उठून जा. सरावणं आणि वेदनिक समायोजन यांत मुलांचा हमखास गोंधळ होतो. समुद्राजवळच्या घरात रात्रभर गाज असते, घरच्यांना ती ऐकूच येत नाही, मुंबईहून आलेला पाहुणा मात्र कूस बदलत राहतो. पण घरच्या माणसाने मुद्दाम कान दिला तर त्याला गाज लगेच ऐकू येते. हे सरावणं. सुकी मासळी वाळत घातलेल्या खळ्यात गेलं की पहिल्यांदा वास भपकन येतो, थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, आणि मग कितीही लक्ष दिलं तरी पहिल्यासारखा येत नाही. तिथे इंद्रियच मंदावलेलं असतं, म्हणून ते समायोजन. आंगणेवाडीच्या जत्रेत भोंगे, पिपाण्या, माणसांचा गलका, आणि त्यातून कुणीतरी मागून तुमचं नाव घेतलं की मान वळते, हे निवडक अवधान, आणि नको म्हणून सोडून दिलेल्या आवाजांवरही मन थोडी नजर ठेवून असतं याचा पुरावा. प्रत्येक संज्ञेला असं एक आपल्या अंगणातलं उदाहरण तिनेच शोधायचं आणि दोन सारख्या संज्ञा शेजारी ठेवून फरक स्वतःच्या शब्दांत लिहायचा. दिवसाला चार-पाच संज्ञा पुरे. त्यातल्या निम्म्या जुन्या.

गुणांवर मी फार बोलत नाही. अकरावीच्या सहामाहीतल्या ८० पैकी ४१ मुळे कुणाचं आयुष्य अडलेलं मी पाहिलेलं नाही. कॉलेजात जाऊन उत्तरपत्रिका बघा आणि गुण नेमके कुठे गेले ते तपासा. उदाहरणं आणि फरक यांत गेले असतील, तर तुमच्या वीस व्याख्या दुखतं एकीकडे नि लेप भलतीकडे, अशा ठरतील.

आता मार्ग. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस आणि त्यापुढे एमडी. त्यासाठी 'नीट' ही प्रवेश परीक्षा, आणि नीटसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र. कला शाखेतून ती वाट नाही, हे तुम्हाला प्रवेशाच्या वेळीच कुणीतरी सांगायला हवं होतं. मानसशास्त्रज्ञ हा वेगळा व्यवसाय. बी.ए., मग एम.ए., आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला व्यावसायिक अभ्यासक्रम करून तिथे नोंदणी. त्या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून प्रवेशाच्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर बघूनच ठरवा. शाळेतलं समुपदेशन, कंपन्यांतलं मनुष्यबळ, संशोधन, अध्यापन हेही आहेतच. पैसा सुरुवातीला बेताचा. डी.एड. हा चांगला मार्ग आहे, पण ज्याला शिकवायची हौस आहे त्याच्यासाठी. शिक्षा म्हणून शिक्षक झालेली माणसं पुढे वर्गात काय करतात, हे आपण सगळ्यांनी बाकावर बसून भोगलेलं आहे.

'मानसोपचारतज्ज्ञ होणार असेल तरच' या अटीत मला मुलीपेक्षा शेजारी जास्त दिसतात. ८८ टक्के मिळवून आर्ट्स घेतलं म्हटल्यावर वाडीत चार जण बोलले असतील. आपल्या कोकण विभागाचा निकाल राज्यात नेहमी वरच लागतो, त्यामुळे ८८ चं कौतुक दोन दिवसांत ओसरतं आणि मग 'सायन्स का नाय घेतलान' सुरू होतं. 'माझी मुलगी डॉक्टर होणार' हे वाक्य त्या चौघांना गप्प करायला बरं आहे. पण ते तुमच्या सोयीचं वाक्य आहे, आणि त्याचा हप्ता ती रोज साडेसातला भरते.

मी तुमच्या जागी असते तर आजपासून ती बैठक बंद केली असती. कमी नाही, बंद. निदान महिनाभर. मोबाइल तिला परत द्या. किती वेळ वापरायचा हे वेगळं ठरवा, व्याख्यांशी त्याची गाठ नको. घरी आल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या, पतसंस्थेत आज काय झालं ते सांगा. सुरुवातीला ती बिचकेल, कारण अभिसंधान एका रात्रीत उतरत नाही. आवाज येतो आणि मागून काहीच वाईट होत नाही, हे तिच्या शरीराला पुन्हा पुन्हा अनुभवावं लागतं, तेव्हा ते हळूहळू विरतं. मधेच एक दिवस राहवलं नाही म्हणून पुस्तक हातात घेतलंत, तर पोटातला गोळा लगेच परत येईल, हेही धरून चाला. महिन्यानंतर तिने आपणहून म्हटलं तर तिने तुम्हाला शिकवायचं आणि तुम्ही विद्यार्थी व्हायचं. चुका तुमच्या निघू देत. नकारात्मक प्रबलनापासून सुरुवात करायला हरकत नाही.

एवढं करूनही तिची झोप उडालेली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा ती घुमी झाली असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि फोन केला म्हणून कुणी वेडं ठरत नाही. तुम्हीही करू शकता.

पुढचं पत्र मुलीला लिहू द्या. पाकीट तिनेच चिकटवायचं आणि पोस्टात तिनेच टाकायचं. तुम्ही ते आधी वाचायचं नाही.