मॉडेलआधी क्यूब फुटताना बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. काँक्रीटची ताकद सांगणारं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल) चाललं, टेस्टमध्ये आर-स्क्वेअर (अंदाज किती जुळले याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९४ आला, आता पुलांच्या कंपनांकडे वळायचंय, हे सगळं वाचून फार बरं वाटलं. तरी एक विचारते. तुझ्या आकडेवारीच्या त्या १०३० ओळींमध्ये मुळात काँक्रीटची मिश्रणं किती आहेत, हे मोजून पाहिलंस का?

ई-चेंग येह यांनी १९९८ मध्ये उच्च कार्यक्षमतेच्या काँक्रीटसाठी न्यूरल नेटवर्क वापरलं आणि त्यांनी गोळा केलेली ही आकडेवारी आपण सगळेच शिकताना गिरवतो. आत जातात आठ आकडे: सिमेंट, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी), फ्लाय ॲश (कोळशाची राख), पाणी, सुपरप्लास्टिसायझर (कमी पाण्यात मिश्रण पातळ ठेवणारं रसायन), खडी, वाळू आणि वय. बाहेर येते मेगापास्कल या दाबाच्या एककातली ताकद. पण एकाच मिश्रणाचे नमुने, म्हणजे मशीनमध्ये दाबून फोडायचे काँक्रीटचे ठोकळे किंवा क्यूब, कधी ३ दिवसांनी, कधी ७, कधी २८, कधी ९० दिवसांनी फोडलेले आहेत आणि प्रत्येकाची ओळ वेगळी. काही ओळी तर हुबेहूब दुबार आहेत. तू ओळी पिसून ८० टक्के ट्रेनिंगला (शिकवायला) आणि २० टक्के टेस्टला (तपासायला) ठेवल्या आहेस, म्हणजे एकाच मिश्रणाचा सात दिवसांचा नमुना ट्रेनिंगमध्ये आणि अठ्ठावीस दिवसांचा टेस्टमध्ये गेला. नवीन मिश्रणाशी मॉडेलची गाठ पडलीच नाही. एका मिश्रणाच्या सगळ्या ओळी एकाच बाजूला ठेव आणि पुन्हा चालव. आकडा खाली येईल. येऊ दे, प्रबंधात तोच घाल.

हे मी अधिकाराने सांगते, कारण ही चूक माझ्याही हातून झाली आहे. एका मोठ्या कामावर प्रयोगशाळेची सहा महिन्यांची वही मला मिळाली होती आणि मी ती तशीच्या तशी संगणकात भरली. मॉडेल काही ओळींवर विचित्र चुकायचं. आठवडाभर मी नेटवर्कचे थर कमी-जास्त करत बसले. शेवटी उठून प्रयोगशाळेत गेले आणि मशीनपाशी दिवसभर उभी राहिले. तिथे कळलं, मशीन मोकळं नसलं की क्यूब एकतिसाव्या दिवशी फुटायचा आणि वहीत मात्र २८ च लिहिलं जायचं. गर्दीच्या वेळी भार भराभर चढवत, आणि भार वेगाने चढवला की ताकद असते त्यापेक्षा जास्त दिसते.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट बघायला शिकले. क्यूब नीट फुटला तर चारही बाजू सोलल्यासारख्या निघतात आणि मध्ये डमरूसारखा गाभा उरतो. तो तिरका बसला असेल, तर एकच बाजू ढासळते आणि आकडा कमी येतो. वहीत मात्र दोन्ही क्यूबचा नुसता आकडाच उतरतो. डमरू उरला की नाही, यासाठी वहीत रकानाच नव्हता. मी तो आखून घेतला, आणि मॉडेल सुधारलं ते त्या रकान्यामुळे.

पाण्याचंही तसंच. डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये दाखवलं की ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. म्हणून तुझ्या मॉडेलला आधी एवढंच विचार: बाकी सगळं तसंच ठेवून पाणी वाढवलं तर ताकद उतरते का? उतरत नसेल, तर ०.९४ ला काही अर्थ नाही. आणि कागदावरचं पाणी हे मिक्सरमधलं पाणी नव्हे, हेही ध्यानात घे. घनमीटरला ८०० किलो वाळू धर. ती ५ टक्के ओली असेल तर ४० लिटरच्या आसपास पाणी तिच्याबरोबरच आलं. मिश्रणात १८० लिटर लिहिलं असताना ही रक्कम किरकोळ नाही. वाळूचा ओलावा कोणी, किती वाजता मोजला, हे विचारून घे.

आता पूल. सुरुवात स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पासून कर. पाडायचं ठरलेल्या या काँक्रीटच्या पुलावर १९९७-९८ मध्ये जवळजवळ वर्षभर संवेदक लावून ठेवले आणि शेवटी त्याला मुद्दाम, टप्प्याटप्प्याने इजा केली: खांब खाली बसवला, ताणलेल्या तारा तोडल्या. पुलाला इजा झाली की तो मऊ पडतो आणि त्याची नैसर्गिक वारंवारता (तो स्वतःहून सेकंदाला किती वेळा थरथरतो ते) उतरते, हा आपला आधार. पण तापमान शून्याखाली गेलं की वरचा डांबरी थर गोठून कडक व्हायचा आणि वारंवारता चढायची. थंडी ओसरली की ती पुन्हा उतरायची, पुलाला काहीही झालेलं नसताना. फक्त उन्हाळ्यातल्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला हिवाळ्यातला धडधाकट पूलही वेगळाच वाटेल. म्हणून तापमान हा तुझा पहिला रकाना, आणि निदान एक पूर्ण वर्ष हाताशी हवं.

जनुकीय अल्गोरिदमबद्दल (अनेक आराखडे करून त्यांतले चांगले निवडत, मिसळत जाणारी पद्धत) विचारलंस, ते सध्या बाजूला ठेव. त्याच्याबद्दल एवढंच की तो तुझ्या अटींमधली फट हमखास शोधतो. जोडणीची अट लिहायची राहिली तर वजनाला हलका, पण कोणालाच जोडता येणार नाही असा सांगाडा तुझ्या हातात ठेवेल.

भिंतीवरचे तडे ओळखायचं काम मिळालं तर मोहात पडू नकोस. शंभर फोटोंत तीनच तडे असतील, तर डोळे मिटून ‘तडा नाही’ म्हणणारंही ९७ टक्के बरोबर ठरतं. तीनपैकी किती सापडले ते सांग. शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्यांच्या रेघा आणि ओघळांचे डाग यांचे फोटो मुद्दाम जास्त घे, फसगत तिथेच होते.

पुढच्या पत्रात मिश्रणवार विभागणीनंतरचा आकडा कळव, आणि सोबत सर्वात जास्त चुकलेल्या दहा ओळी पाठव. त्या आपण एकेक करून बघू. मात्र त्याआधी एक दिवस प्रयोगशाळेत जा, क्यूब फुटताना बघ आणि मागे काय उरलं त्याचं चित्र काढून पाठव.

तुझी,
ताई